पालकांना लागणारं इंग्रजी: अमेरिकेतल्या प्रौढ वर्गात घर, मुलं आणि शाळा हे विषय कसे शिकवावेत

अमेरिकेत सार्वजनिक वाचनालयं, कम्युनिटी कॉलेजं आणि चर्चच्या जागेत प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग चालतात, त्यातले बरेचसे मोफत. न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिनसारख्या भागात ग्वाटेमालाची आई, इजिप्तचे वडील, सुरतेची सून आणि नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेल्या साताऱ्याच्या आजी एकाच टेबलाशी बसलेल्या दिसू शकतात. शिकवणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मराठी माणसंही असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

'कुटुंब आणि पालकत्व' हा घटक बहुतेक अभ्यासक्रमांत असतोच. तो हातात घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: समोर बसलेल्यांना मुलं वाढवता येतात. काहींनी तर तुमच्यापेक्षा जास्त वाढवलेली असतात. त्यांना कमी पडतं ते शाळेशी आणि दवाखान्याशी बोलायचं इंग्रजी, आणि इथले कुणी मुद्दाम न सांगणारे नियम. तुम्ही तेवढंच द्यायचं. 'चांगले पालक कसे व्हावे' असा सूर लागला की लोक पुढच्या आठवड्यापासून यायचे बंद होतात, आणि तेही काही न बोलता.

पहिला तास: गरजा काढून घेणं

पाठ्यपुस्तकातला कुटुंबवृक्ष पहिल्याच दिवशी काढायला सांगू नका. वर्गात कुणाची मुलं मायदेशी राहिलेली असतात, कुणाचा घटस्फोट चालू असतो, कुणाला मूल होत नसतं, कुणी मूल गमावलेलं असतं. 'ड्रॉ युअर फॅमिली' म्हटल्यावर वर्ग एकदम गप्प झाला तर कारण बहुधा हेच. नात्यांचे शब्द शिकवायला एक काल्पनिक कुटुंब तयार करा: आईवडील, दोन मुलं, एक तान्हं बाळ, आजी. पुढचे सगळे आठवडे तेच कुटुंब वापरा. मुलांना नावं, इयत्ता, जन्मतारखा, वजनं आधीच देऊन ठेवा, पुढे ती लागतात. स्वतःच्या घराबद्दल बोलायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्याऐवजी पहिल्या तासाला दहा-बारा चित्रं टेबलावर मांडा: शाळेची बस, डॉक्टर, फोन, फॉर्म, औषधाची बाटली, शिक्षिका, भांडणारी मुलं, पुस्तक, रुग्णवाहिका, मोबाइल घेऊन बसलेला किशोर. प्रत्येकाला तीन ठिपके द्या आणि 'जिथे इंग्रजी अडतं तिथे लावा' एवढंच सांगा. अगदी नवख्यालाही हे जमतं. जिथे ठिपके जास्त, तिथून अभ्यासक्रम सुरू. पुस्तकातला क्रम बाजूला राहिला तर राहू दे.

वर्गात कुणालाही व्हिसा किंवा कागदपत्रांबद्दल विचारू नका. मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगा: १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इमिग्रेशनच्या कारणावरून सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही.

वेळ आणि तासाची बांधणी

सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ आयांना सोयीची जाते. मुलं शाळेत सोडून येता येतं आणि अर्ध्या दिवसाच्या बालवर्गातून मूल आणायलाही उशीर होत नाही. संध्याकाळचा वर्ग असेल तर मुलं सोबत येणार हे गृहीत धरा आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या स्वयंसेवकाची सोय आधी करा. ती सोय नसेल तर पटावर कितीही नावं असोत, हजेरी गळते.

१२० मिनिटं अशी वाटता येतात: १५ मिनिटं मागच्या आठवड्याची उजळणी, २० मिनिटं चित्रावर किंवा खऱ्या वस्तूवर बोलणं, २५ मिनिटं नमुना संवाद, १० मिनिटं चहा, ३० मिनिटं जोड्यांमध्ये सराव, १५ मिनिटं लेखन, शेवटची ५ मिनिटं घरचं काम. नवे शब्द १० ते १२, त्याहून जास्त नकोत. सगळ्यात जास्त घोटाळा 'नमुना संवादा'त होतो. शिक्षक बोलत राहतो आणि जोड्यांच्या सरावाला जेमतेम सात मिनिटं उरतात. टेबलावर घड्याळ ठेवा.

व्याकरण वेगळं काढू नका, विषयालाच जोडा. औषधाच्या पाठात 'शुड' आणि 'मस्ट नॉट', दवाखान्याच्या पाठात 'हॅज ही हॅड...?', शिस्तीच्या पाठात 'इफ... देन...', शाळेच्या फोनला 'विल बी'.

पाठ एक: 'आज मूल शाळेत येणार नाही'

सुरुवातीला हाच पाठ घ्या. छोटा आहे, खरा आहे आणि दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडू शकतो. शाळेच्या गैरहजेरीच्या नंबरवर बहुतेक वेळा यंत्रच असतं, म्हणजे समोर माणूस नाही, हावभाव नाहीत. निरोपात पाच गोष्टी याव्या लागतात: मुलाचं नाव (स्पेलिंगसह), इयत्ता आणि शिक्षिकेचं नाव, तारीख, कारण, आणि तुमचं नाव व फोन नंबर.

१. पाच गोष्टींची पाच कार्डं करा. काल्पनिक कुटुंबातल्या मुलाची माहिती त्यांवर लिहा.

२. निरोप दोनदा वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांनी कार्डं क्रमाने लावायची.

३. आता स्पेलिंग. इथे घाई करू नका, खरी अडचण इथेच असते. मराठी माणसाच्या तोंडी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे आवाज सारखेच निघतात. शिवाय आपला 'प' अमेरिकन कानाला 'ब' वाटतो, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तो हवा सोडून म्हणतात. 'पाटील' सांगितलं की पलीकडे 'बाटील' लिहिलं जातं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. 'पी' म्हणताना ती हलली पाहिजे, 'बी'ला जवळजवळ नाही. स्पॅनिश बोलणाऱ्यांचा घोळ वेगळा: त्यांच्याकडे 'ई' अक्षराचं नाव 'ए' असं आहे आणि 'आय'चं 'ई', त्यामुळे 'ए', 'ई' आणि 'आय' ही तिन्ही अक्षरं उलटसुलट होतात. सगळ्यांवर एकच उपाय चालतो: 'पी ॲज इन पीटर, व्ही ॲज इन व्हिक्टर.' प्रत्येकाने आपल्या मुलाच्या नावाची अशी पट्टी करून फोनजवळ चिकटवावी.

४. फोन नंबर तीन-तीन-चार अशा गटांत, मध्ये थांबून. 'डबल टू' इथे गोंधळात टाकतं, 'टू टू' म्हणा.

५. कारण थोडक्यात: 'ही हॅज अ फीवर.' आपल्याकडचं 'लूज मोशन्स' इथल्या ऑफिसमध्ये समजेलच असं नाही, 'डायरिया' शिकवा. 'सफरिंग फ्रॉम फीवर' चूक नाही, पण मूल फार अत्यवस्थ असल्यासारखं ऐकू येतं.

६. शेवटी प्रत्येकाने खोलीबाहेर जाऊन खराच फोन करायचा. वर्गासाठी ठेवलेल्या नंबरच्या व्हॉइसमेलवर निरोप ठेवायचा. पुढच्या तासाला तो लावून दुसऱ्या विद्यार्थ्याने पाचही गोष्टी लिहून घ्यायच्या. लिहिता आल्या तर निरोप पास. उच्चार किती अमेरिकन आहे, हे बघायचं नाही.

याच आठवड्यात 'टार्डी' (उशिरा आलेला), 'अर्ली डिसमिसल' (लवकर सुटणं) आणि 'डिलेड ओपनिंग' (शाळा उशिरा सुरू होणं) हे तीन शब्द द्या. बर्फाच्या दिवशी शाळा दोन तास उशिरा सुरू होते हे न कळल्यामुळे आजी नातवाला घेऊन थंडीत बसथांब्यावर उभ्या राहतात.

पाठ दोन: फॉर्म

शाळेच्या संकेतस्थळावरून कोरे फॉर्म उतरवून मोठ्या अक्षरात छापा: प्रवेश, आणीबाणीतले संपर्क, सहलीची परवानगी. भरायची ती काल्पनिक कुटुंबाची माहिती. लोकांची खरी माहिती वर्गातल्या टेबलांवर फिरू देऊ नका.

चुका ठरलेल्या असतात. पहिली तारीख. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, इथे ४ मार्च. जन्मतारखेपेक्षाही लसीकरणाच्या कार्डात हे जास्त महागात पडतं. भारतातल्या कार्डावर दिवस आधी असतो आणि शाळेची नर्स तो महिना म्हणून वाचते. मग दोन डोसांमधलं अंतर चुकीचं निघतं. कार्डाची प्रत करून महिना अक्षरांत लिहून न्यायला शिकवा. दुसरी चूक नावाची: मराठी नावातलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते कधी फॉर्ममध्ये येतं, कधी गळतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. तिसरी चूक म्हणजे आणीबाणीच्या संपर्कात नवरा-बायकोचेच दोन नंबर देणं. मूल आणायला आजी जाणार असतील तर त्यांचं नाव यादीत हवं आणि जाताना फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर हवं. आजी आहेत हे मूल सांगतंय, एवढ्यावर शाळा मूल सोडत नाही.

पाठ तीन: औषधाची बाटली

या पाठाला पूर्ण दोन तास द्या. साहित्य: मुलांच्या ॲसिटामिनोफेन (तापाचं औषध, आपलं पॅरासिटामॉल) सिरपची रिकामी खोकी (चार-पाच), १० मिलीची तोंडाने औषध द्यायची सिरिंज प्रत्येक जोडीला एक, घरातून आणलेले वेगवेगळे चमचे, रंगीत पाणी. औषध आणू नका.

आधी चमचे. प्रत्येक जोडीने आपला चमचा पाण्याने भरायचा आणि सिरिंजने मोजायचा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. मग फळ्यावर लिहा: टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. दोन शब्दांत थोडासाच फरक आणि डोस तिप्पट. स्वयंपाकघरातला चमचा औषधाला का वापरायचा नाही, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

मग खोकं. फक्त पाच प्रश्न विचारा: औषधाचं नाव काय, ५ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम, किती वजनाच्या मुलाला किती, किती तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा. नेहमीच्या लेबलवर ५ मिलीमध्ये १६० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. २४ ते ३५ पौंडांना ५ मिली, ३६ ते ४७ ला साडेसात, ४८ ते ५९ ला १०. गरजेप्रमाणे दर चार तासांनी, २४ तासांत पाचपेक्षा जास्त वेळा नाही. उदाहरण द्या: मुलाचं वजन ३८ पौंड, सकाळी ८ ला औषध दिलं. किती मिली? पुढचा डोस लवकरात लवकर केव्हा? उत्तर साडेसात मिली आणि दुपारी १२. वजन किलोत माहीत असेल तर २.२ ने गुणायचं. १७ किलो म्हणजे साधारण साडेसदतीस पौंड.

भारतीय विद्यार्थी वर्गात असतील तर एक धोका आवर्जून सांगा. ॲसिटामिनोफेन म्हणजेच आपलं पॅरासिटामॉल. बॅगेतून आणलेल्या भारतातल्या सिरपमध्ये ५ मिलीमागे १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतात, काहींत २५०, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये ते बरंच दाट असतं. इथल्या बाटलीचा तक्ता त्या बाटलीला लावायचा नाही. दुसरा धोका सगळ्यांनाच: सर्दी-खोकल्याच्या काही मिश्र औषधांतही हेच द्रव्य असतं, मग नकळत दुप्पट जातं. 'ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट्स' हे शब्द खोक्यावर शोधून खाली रेघ मारायला लावा.

इथे एक मर्यादा पाळा. तुम्ही लेबल वाचायला शिकवता, औषध सुचवत नाही. 'माझ्या मुलीला हे देऊ का?' असं कुणी विचारलं तर तोच प्रश्न डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला इंग्रजीत कसा विचारायचा, ते त्याच क्षणी शिकवा.

तापाचे आकडे: १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस. तीन महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप असेल तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन. भारतीयांना फॅरनहाइट सवयीचं असतं, लॅटिन अमेरिकेतल्यांना नसतं. दोघांना एका जोडीत बसवा.

मुलाने काही गिळलं पण ते शुद्धीवर आहे, नीट श्वास घेतंय, तर विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर देशभर चोवीस तास चालतो. काय, किती, केव्हा आणि मुलाचं वय-वजन, हे सांगायचं. बेशुद्ध असेल, फिट येत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर ९११, आणि तिथे सगळ्यात आधी पत्ता. ९११ चा सराव बंद फोनवर करा, कुणीतरी हमखास खरंच लावतं.

आजींचा तास

तान्ह्या बाळाचे काही नियम इथे वेगळे किंवा जास्त काटेकोर आहेत, आणि घरात त्यावरून सासू-सुनेत, आई-मुलीत ताण असतो. वर्गात न्यायनिवाडा करू नका. नियम आणि त्यामागचं कारण सांगा, बास. एक वर्षाखाली मध नाही, अगदी बोटावर चाटवण्यापुरताही नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. काजळात शिसं सापडतं, अमेरिकेत ते रंगद्रव्य म्हणून वापरायला परवानगी नाही, आणि रक्ततपासणीत बाळाचं शिसं वाढलेलं आलं तर डॉक्टर घरात काय काय वापरता हे विचारतात. बाळगुटी देत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. झोपवताना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलई-खेळणी काही नाही. अमेरिकेत ही मोहीम १९९४ पासून देशभर चालली आणि त्यानंतर पाळण्यात अचानक होणारे मृत्यू बरेच कमी झाले. गाडीत बाळाला मांडीवर घेऊन बसणं बेकायदा आहे, मग मंदिर दोन मिनिटांवर का असेना.

तेल-मालिश, अंगाई, गोष्टी यांवर मात्र आजींनाच बोलतं करा. इंग्रजीत पायऱ्या सांगू दे: 'फर्स्ट, वॉर्म द ऑइल.' आज्ञार्थाचा इतका चांगला सराव पुस्तकात मिळत नाही.

पाठ चार: शिक्षिकेची भेट

प्राथमिक शाळेतली पालकभेट साधारण दहा-पंधरा मिनिटांची असते. पालकाला वाटतं सगळं छान आहे, आणि वर्षअखेरीला कळतं की मूल वाचनात मागे आहे. याचं कारण बोलण्याच्या पद्धतीत आहे. इथल्या शिक्षिका आधी कौतुक करतात आणि काळजीची गोष्ट मऊ शब्दांत गुंडाळून सांगतात. ते शब्द ओळखायला शिकवा. 'ही इज स्टिल वर्किंग ऑन...' म्हणजे अजून येत नाही. 'ही हॅज अ लॉट ऑफ एनर्जी' म्हणजे जागेवर बसत नाही. 'वुइ'ड लाइक टू सी मोर...' म्हणजे कमी पडतंय. प्रगतिपुस्तकातलं 'अप्रोचिंग' म्हणजे या इयत्तेच्या अपेक्षेला अजून पोचलेलं नाही. अशी दहा वाक्यं पट्ट्यांवर लिहा आणि 'काळजी नाही', 'लक्ष द्या', 'आत्ताच काहीतरी करा' अशा तीन ढिगांत लावायला सांगा. यावर वाद होतात, होऊ द्या.

आपल्याकडचे पालक हमखास नंबर कितवा आला, हे विचारतात. प्राथमिक वर्गात नंबर काढत नाहीत. त्याऐवजी तीन प्रश्न पाठ करून घ्या: मूल इयत्तेच्या पातळीवर वाचतंय का, मला त्याच्या कामाचा नमुना दाखवता का, घरी मी नेमकं काय करू. दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त कळतं, कारण वही समोर आली की शब्दांवर अवलंबून राहावं लागत नाही. सराव करताना शिक्षिकेची भूमिका करणाऱ्याने मुद्दाम भराभर बोलायचं, आणि पालकाने निदान दोनदा थांबवायचं: 'सॉरी, कुड यू से दॅट मोअर स्लोली?'

दुभाष्याचा हक्कही इथेच शिकवा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या शाळांनी इंग्रजी कमी येणाऱ्या पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत संवाद ठेवायचा असतो. 'आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज' हे वाक्य भेटीच्या आठवडाभर आधी ईमेलने पाठवायचं. मुलाला दुभाषी करायचं नाही, स्वतःबद्दलची तक्रार ते पूर्ण सांगणार नाही. मुलाला शिकण्यात अडचण आहे असं वाटत असेल तर तपासणीची मागणी तोंडी न करता तारीख घालून लेखी करायची आणि प्रत जवळ ठेवायची. दोन ओळींचा नमुना वर्गातच लिहून घ्या.

पाठ पाच: शिस्त

हा पाठ पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आधी घेऊ नका. एकमेकांवर विश्वास बसायला तेवढा वेळ लागतो. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाका: न्यू जर्सीत मुलाचा छळ होतोय असं मानायला वाजवी कारण असेल तर ते कळवणं प्रत्येक व्यक्तीवर कायद्याने बंधनकारक आहे, शिक्षकावरही. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, आपल्या केंद्राच्या समन्वयकाला आधी विचारा. कुणीतरी मन मोकळं केल्यानंतर हे सांगणं म्हणजे फसवणूक.

कायद्याचं व्याख्यान नको. चार प्रसंगांची कार्डं द्या: दुकानात लोळण घेणारा तीन वर्षांचा मुलगा, गृहपाठ लपवणारी मुलगी, भावाला मारणारा मुलगा, रात्री फोन न सोडणारा किशोर. प्रत्येक गटाने दोन सांगायचं: तुमच्या देशात आईवडील काय करतील, आणि इथे ते केलं तर शेजारी किंवा शाळा काय समजेल. न्यू जर्सीने शाळेतला मार १८६७ मध्येच बंद केला. घरातली चापट सरसकट गुन्हा नाही, पण अंगावर वळ दिसला तर शाळा कळवते आणि चौकशी होते. मुलाला गाडीत एकटं ठेवून 'पटकन' दुकानात जाणं अनेक राज्यांत बेकायदा आहे. घरी एकटं किती वयापासून ठेवावं, याचा ठरावीक आकडा बऱ्याच राज्यांच्या कायद्यात नाही; काही बिघडलं तर परिस्थिती पाहून ठरवतात.

मग भाषा. 'फर्स्ट होमवर्क, देन फोन.' 'यू कॅन वेअर द रेड वन ऑर द ब्लू वन.' 'इफ यू हिट, वुइ गो होम.' वाक्य लहान आणि शांत आवाजात. ही वाक्यं आपल्या मातृभाषेत घरी वापरली तर उत्तमच, हे सांगायला विसरू नका. मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा नीट मराठीत रागावलेलं बरं.

नवऱ्याकडून मारहाण होत असल्याचं कुणी सांगितलं तर वर्गासमोर विषय वाढवू नका. घरगुती हिंसाचाराच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर १-८००-७९९-७२३३ आहे, तिथे दुभाषी मिळतात. तो त्या बाईंच्या हातात कागदावर देण्याऐवजी सगळ्यांना वाटायच्या नंबरांच्या यादीत इतरांबरोबर छापा. कागद घरी कुणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

घरचं वाचन

'मला इंग्रजी येत नाही, मी काय वाचणार' हे वाक्य प्रत्येक वर्गात येतं. वाचनालयातून शब्द नसलेली चित्रपुस्तकं आणा. जोडीतल्या एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने पालक. पालकाने चार गोष्टी करायच्या: प्रश्न विचारायचा, उत्तराला दाद द्यायची, त्यात एक-दोन शब्द भरायचे, आणि मुलाकडून ते पुन्हा म्हणवून घ्यायचं. 'हे काय?' 'कुत्रा.' 'बरोबर, ओला झालेला कुत्रा.' 'ओला कुत्रा!' एवढंच. आधी मातृभाषेत करा, मग इंग्रजीत. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मातृभाषेत गोष्टी ऐकलेलं मूल इंग्रजीत मागे पडत नाही. हे पालकांना पटायला वेळ लागतो, त्यामुळे एकदा सांगून सोडू नका.

शिकलं की नाही, कसं कळणार

पेपर काढू नका. तीन-चार आठवड्यांनी विचारा: फोन केला का? फॉर्म स्वतः भरला का? दुभाषी मागितला का? 'हो' म्हणणाऱ्याने काय बोललं गेलं ते सांगायचं, 'नाही' म्हणणाऱ्याने कुठे अडलं ते. अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांना प्रमाणित चाचण्या घ्याव्याच लागतात, त्या घ्या. पण पुढचा तास कशावर घ्यायचा ते या उत्तरांवरून ठरवा.